पायापाशी उजेड

आमच्या कंपनीत सगळे तिला आत्या म्हणतात, कारण ती खरोखरच मालकाची आत्या आहे. मालक माझ्या वर्गातला, त्यामुळे मी त्याला अरे-तुरे करते आणि वेळ पडली तर झापतेही. मोठ्या ऑनलाइन संमेलनांत शेकड्यांनी माणसं जमतात आणि एकमेकांशी अवाक्षर न बोलता निघून जातात, हे बघून त्याने ही कंपनी काढली. आमच्या पडद्यावर एक सभागृह दिसतं, त्यात टेबलं. ज्या टेबलाला बसाल तिथल्या लोकांचे चेहरे समोर येतात आणि गप्पा सुरू होतात. निदान त्याचं म्हणणं तरी असं होतं.

प्रत्यक्षात अर्धी माणसं दाराशीच घुटमळायची. मग त्याने आत्याला आणलं. तिचं उभं आयुष्य एका सिनेमा थिएटरात गेलेलं, हातात बॅटरी घेऊन लोकांना अंधारात खुर्च्या दाखवण्यात. थिएटर बंद पडलं तशी ती घरी होती. मी म्हटलं, "अरे, ही कंपनी आहे की नातेवाइकांची सोय?" तो नुसता हसला. मला असं हसलेलं अजिबात खपत नाही.

पण बाई कामाला वाघ निघाली! कोणी एकटं दिसलं की ही हळूच विचारणार, "त्या टेबलावर शिक्षक मंडळी आहेत. बसवू का?" हो म्हटलं तरच बसवणार. एकदा मी वैतागून म्हटलं, "आत्या, विचारत काय बसता? द्या ढकलून!" तर म्हणाली, "उशिरा आलेल्याच्या तोंडावर बॅटरी मारायची नसते गं. पायापाशी मारायची आणि आपण पुढे चालायचं." ती जुनी बॅटरी अजून तिच्या पर्समध्ये असते, किल्ल्यांच्या शेजारी.

घरी मात्र तिचं काही चालत नव्हतं. तिचा नवरा त्याच थिएटरात वरच्या खोलीत सिनेमा दाखवायचं मशीन चालवायचा. खालून चित्र धूसर दिसलं की आत्या त्याच्या खिडकीकडे दोनदा बॅटरी मारायची आणि तो फोकस नीट करायचा. लग्नही त्यातूनच जमलं, असं सांगताना ती अजून लाजते. थिएटर गेलं आणि त्या माणसाने तोंडाला कुलूपच लावलं. वाढायला गेलं की "पुरे", दार वाजलं की "नाही म्हणून सांग". मित्र येऊन येऊन थकले. "भिंत तरी कधी पोपडे टाकते," आत्या म्हणायची, "आमचे हे तेवढंही करत नाहीत." ती हसायची, मला काही हसू यायचं नाही.

अशात जुन्या थिएटर कामगारांचं संमेलन आमच्याकडे आलं. आत्या हात धुऊन नवऱ्याच्या मागे लागली. त्याच्या फोनवर सगळं लावून दिलं. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

रविवारची दुपार होती. नेमकी त्याच दिवशी मालकाला नवी करामत दाखवायची होती. कोणी टेबलावर एकटं राहिलं की यंत्र त्याला आपोआप उचलून भरल्या टेबलावर नेऊन बसवणार. ते बघायला एक बडा ग्राहक ऑफिसात येऊन बसला होता.

एकदम आत्याने माझं मनगट धरलं. "आले गं!"

कोपऱ्यातलं रिकामं टेबल. तिथे एक काळी चौकट, कॅमेरा बंद, खाली तिच्या नवऱ्याचं नाव.

"आज बसले तर बसले," ती म्हणाली. "बिचकून उठले ना, तर पुन्हा माणसांत यायचे नाहीत. मी ओळखते त्यांना."

तेवढ्यात यंत्राने त्याला उचललं आणि गजबजलेल्या टेबलावर टाकलं. "अरे, कोण आलं?" "कॅमेरा लावा की राव!" "ऐकू येतंय का?" सगळे एकदम तुटून पडले. काळी चौकट तिथून सटकली आणि परत कोपऱ्यात आली. यंत्र पुन्हा उचलणार, हे उघड होतं.

"बंद कर ते," आत्या भाच्याला म्हणाली.

"आत्या, ग्राहक बघतोय. जरा थांब ना."

"माझा माणूस उठून चाललाय आणि तू मला थांब म्हणतोस?"

तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. बटण माझ्या हाताशी होतं. मी बंद करून टाकलं. मालकाने डोळे वटारले. "बघतोस काय?" मी म्हटलं. "जा, पाहुण्यांना चहा विचार!"

आत्या पडद्यावरच्या त्या कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बसली. कॅमेरा लावला. पर्समधून बॅटरी काढली आणि पडद्याकडे दोनदा मारली.

काही झालं नाही. मी मनात देवाला, यंत्राला, दोघांनाही शिव्या घातल्या. आत्या तशीच बसून राहिली.

मग चौकट उजळली. आधी छत, मग दाढी वाढलेला अर्धा चेहरा.

"काय गं? फोकस गेला?"

"हो," आत्या म्हणाली. "धूसर दिसतंय." तिचे डोळे गच्च भरले होते, धूसर दिसणारच.

"थांब." त्याने शर्टाच्या टोकाने फोनची काच पुसली, फोन मागे-पुढे केला. "आता?"

"आता छान."

मी मेली उगाच कीबोर्ड पुसत बसले.

इतक्यात टेबलाशी कोणीतरी आलं. दुसऱ्या गावचा मशीनवाला, यायला परवानगी मागत होता. आत्याने त्याला बाहेरच थांबवलं.

"अहो, दाराशी एक जण आहेत. तुमच्यासारखेच मशीनवाले. बसवू का?"

त्याने मान खाली घातली. आता "नाही म्हणून सांग" येणार, अशी माझी खात्रीच होती. आत्याने घाई केली नाही. बॅटरी तिने खाली, स्वतःच्या पायापाशी धरली होती, चालूच.

"बसव," तो म्हणाला. "पण तू उठू नकोस."