माहेरचं नाव, नवा पत्ता

सातपूरच्या आमच्या कारखान्यात तो कॉम्प्युटरवाला एकदाच आला, मेलचं काम बघायला. घटस्फोटानंतर मी माहेरचं आडनाव परत घेतलं होतं, पण कंपनीच्या मेलवर आणि मेलच्या पत्त्यात जुनंच झळकत होतं. आमचे मेल निम्मे ऑफिसातल्या सर्व्हरवर, निम्मे क्लाउडवर. एकीकडे नाव बदललं तरी दुसरीकडे जुनंच उरायचं.

त्याने आधी रुमालाने माझा कीबोर्ड पुसला. "ताई, नाव पहिलं इथल्या सर्व्हरवर बदलायचं, मग ते आपोआप वर क्लाउडवर जातं," तो म्हणाला. बोलणं सायखेड्याकडचं, सावकाश. वाट बघताना तो टेबलावर बोटांनी ठेका धरायचा.

"जुन्या पत्त्यावर आलेले मेल बुडतील का?"

"नाय. तो पत्ता मागं राहू द्यायचा. त्यावर आलेलं बी तुम्हालाच मिळंल. पण तुम्ही पाठवाल ते नव्या नावानंच जाईल."

मला एकदम हलकं वाटलं. थोड्या वेळाने स्क्रीनवर नाव उमटलं.

"मोठ्यानं वाचा, चूक नको राहायला."

कित्येक वर्षांनी मी माझं ते पूर्ण नाव मोठ्याने उच्चारलं. शेजारचं स्टोअर सांभाळणाऱ्या काकांनी तिथूनच विचारलं, "कोण नवीन मॅडम आल्या?"

"मीच," मी म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसत सुटलो.