सेठचा बंपर आणि मामांचा खडू

गॅरेजमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात, भंगार आणि किस्से. भंगार दर महिन्याला भंगारवाला गाड्यावर घालून नेतो. किस्से न्यायला कुणी येत नाही. ते तसेच पडून राहतात आणि चहाच्या वेळी हाताला लागतात. मागे एका बंपरपायी तर इतके साठले, की एकदाचे सांगून जागा मोकळी करावी म्हणतो.

आमचं गॅरेज जालन्याहून बदनापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आम्ही तिघं. मी, म्हणजे कागदावरचा मालक. हमीद, वेल्डिंग आणि फिटिंगवाला. आणि लक्ष्मणमामा, पेंटर. मामा मेंढपाळाच्या घरातले. वडील मेंढ्यांमागे फिरले, धाकटा भाऊ अजून फिरतो, मामांनी मात्र तरुणपणीच काठी ठेवून स्प्रेगन धरली.

त्या वर्षी मामांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घरचे म्हणाले, आता पुरे झालं, घरी बसा. मामांनी स्वतःच अट घातली. "एक जॉब करून पाह्यतो. जमला तर काम चालू. न्हाई जमला तर गन हमीदच्या हातात."

हमीदच्या हातात गन दिली तर गाडीबरोबर पंखाही रंगणार, हे आम्हाला ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर काळजी गनची नव्हती. मामांशिवाय गॅरेज ही कल्पनाच मला सोसत नव्हती.

तो एक जॉब म्हणजे कमलसेठचा बंपर.

*

कमलसेठचं नवीन जालना भागात बियाण्यांचं दुकान. पणजोबा राजस्थानातून आलेले, पण सेठ बोलायला लागले की आमच्यापेक्षा जास्त इथले वाटतात. पन्नाशीत त्यांना फोर बाय फोरची हौस आली. जुनी जीप घेतली, मोठे टायर टाकले, आणि मग मागचा कंपनीचा बंपर त्यांना किरकोळ दिसायला लागला. मोबाइलवर बघून त्यांनी कुणाचा तरी वापरलेला, जाड लोखंडी ऑफ-रोड बंपर मागवला.

पार्सल आमच्याकडेच फोडलं. काळा रंग पापुद्र्यांनी सुटला होता आणि खाली सगळा गंज.

"हा तर तांबेरा पडलेला गहू हाय," बियाणेवाले सेठ म्हणाले. "फोटोत तर आरशावानी दिसून राह्यला होता."

"सेठ, लग्न जमवायचा फोटो असंल तो," हमीद म्हणाला.

सेठ मामांकडे वळले. "मामा, मला आरसा पाह्यजे. त्यात माझं तोंड दिसलं पाह्यजे, बिलकुल."

"गाडी चिखलात जायची हाय ना?"

"मंग! त्याच्यासाठीच तर घेतली."

"मंग चिखलात तोंड कशाला पाह्यता?"

सेठनी जरा विचार केला. "तुम्ही आरसा करा. चिखलाचं मी बघतो."

*

पार्सल यायच्या आधीची गोष्ट, ऑपरेशननंतर मामा पहिल्यांदा कामावर आले त्या दिवसाची. आत आले, काळा चष्मा काढला आणि दारातच थांबले.

"भिंत कधी रंगवली?"

"नाही रंगवली, मामा. पहिल्यापासून पांढरीच आहे."

मामांनी एक डोळा झाकून भिंत पाहिली, मग दुसरा झाकून पाहिली. ऑपरेशन न झालेल्या डोळ्याला ती पिवळट दिसत होती आणि नव्या डोळ्याला पांढरी. असं चार-पाच वेळा केलं. मग हळूच स्टुलावर बसले.

"मंग डॉक्टरसाहेबांची गाडी?"

ही भानगड अशी, की दोन वर्षांपूर्वी मामांनी एका डॉक्टरांच्या पांढऱ्या गाडीचा दरवाजा रंगवला होता. गाडी दुधासारखी राहिली आणि दरवाजा चहा सांडलेल्या दुधासारखा झाला. मी पाहिलं होतं. हमीदने पाहिलं होतं. डॉक्टरांनीही पाहिलं, "वा मामा" म्हणाले आणि गाडी घेऊन गेले. मामांना बोलायचं कुणी?

"म्हंजे समद्याला दिसत होतं," मामा म्हणाले.

हमीद पाना शोधायला लागला. पाना त्याच्या हातातच होता.

मामा रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते म्हणाले, "आता तुम्ही छान म्हणले तर मी कसं खरं मानू?" मला फार लाज वाटली. त्या दिवसापासून आमच्या गॅरेजात कौतुकाला काही किंमत उरली नाही.

*

मामांची तपासणीची पद्धत वेगळी आहे. खिशात कायम एक खडूचा तुकडा. पुट्टी घासून झाली की तळहात फिरवायचा, आणि जिथं खड्डा लागेल तिथं खडूने गोल करायचा. तेवढ्या गोलातच पुन्हा पुट्टी. आमच्याकडे मामांनी गोल केला म्हणजे तिथं चूक आहे, हे सगळ्यांना माहीत.

सगळ्यांना म्हणजे, रंगाचं काम करणाऱ्या सगळ्यांना. हमीद लोखंडाचा माणूस.

बंपर घासून, ग्रायंडरवर तारेचा ब्रश लावून लख्ख केला, पुट्टी झाली, प्रायमर झालं. मामांनी हात फिरवला. खालच्या पट्टीवर दोन बारीक टोचे लागले. दोन गोल केले आणि मामा डोळ्यात औषध टाकायला घरी गेले.

हमीद आला. त्याला गोल दिसले. मामा नीट मापून बोलणारा माणूस, त्यांनी खूण केली म्हणजे काही तरी कारण असणार, असं म्हणून त्याने दोन्ही गोलांच्या मधोमध ड्रिल मारलं. आरपार, एकदम बराबर, कडा घासून गुळगुळीत करून.

मामा परत आले. बंपर पाहिला, हमीदकडे पाहिलं.

"चूक दाखवली होती मी."

"मंग आता न्हाई ना राह्यली," हमीद म्हणाला.

भोकं गुपचूप भरून टाकली असती, पण तेवढ्यात सेठच टपकले. "हे कशाला?"

"पाणी निघायला," मी म्हणालो. "चिखलातून आल्यावर आत साचायला नको."

सेठ इतके खूश झाले की त्यांनी दोन मित्रांना फोन लावून ही सोय समजावून सांगितली. त्यातले एकजण पुढच्या आठवड्यात आपला चांगला बंपर घेऊन भोकं पाडायला आले.

*

जालन्याचं ऊन हाच आमचा ओव्हन. प्रायमर मारलेला माल आम्ही मागच्या अंगणात दोन स्टँडवर ठेवतो, चार तासात कडक होतो. अंगण आणि शोभाकाकूंचं घर यांच्यात कमरेइतकी भिंत. काकूंची दोरी तुटली होती त्या दिवशी. भिंतीपलीकडे एवढी लांब, सरळ, तापलेली दांडी दिसल्यावर त्यांनी धुतलेली साडी त्यावर टाकली. अर्ध्या तासात वाळली, घडी घालून घेऊन गेल्या. आम्हाला पत्ताच नाही.

संध्याकाळच्या आत मामांनी हात फिरवला. एकदा, दोनदा. कपाळाला आठ्या.

"भाऊ, ह्याच्यावर काठ हाय."

"कसला काठ?"

"लुगड्याचा. बारीक नक्षीचा."

मी डोळे फाडून पाहिलं, मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं, मला राखाडी प्रायमरशिवाय काही दिसेना. मामांनी खडूने गोल करायला सुरुवात केली. एक कुयरी, दुसरी कुयरी, तिसरी कुयरी, अशी बंपरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळ लागली. तेवढ्यात शोभाकाकू भिंतीवरून डोकावल्या.

"अगं बाई, माझ्याच साडीसारखं काढून राह्यले की हे!"

सगळं पुन्हा घासावं लागलं. मी मात्र मनातून हरखलो होतो. डोळ्याचं काय ते डॉक्टर बघतील, हात शाबूत होता.

*

शेवटी काळा रंग झाला, वर पारदर्शक क्लिअरचे हात झाले, दोन हजार नंबरच्या कागदाने पाणी घालून घासला, कंपाउंड लावून बफिंग केलं. आणि आरसा झाला. खरोखरचा. मी त्यात पाहून मिशी विंचरली.

"छान झालंय, मामा," मी म्हणालो.

मामा फडकं झटकत राहिले.

"कसम से, मामा, एक नंबर," हमीद म्हणाला.

"डॉक्टरच्या दरवाज्याला काय म्हणला होता तू?"

"एक नंबर."

झालं. अडचण अशी होती, की या वेळी मामांना स्वतःलाही ठरवता येईना. हाताला गुळगुळीत लागत होतं, पण चमक हाताला कळत नाही. आणि नव्या डोळ्याला सगळंच चमकत होतं. "रस्त्यावरचा टिनाचा डबाबी चमकून राह्यला मला. मी काय सांगू?"

सेठ आले, त्यांनी बंपरमध्ये केस नीट केले, मामांचे दोन्ही हात धरले. मामा म्हणाले, "सेठ भला माणूस. भल्या माणसाची साक्ष चालत न्हाई." गन त्यांनी धुऊन, पुसून, कापडात गुंडाळून कपाटात ठेवली. कपाटाची किल्ली हमीद शर्ट अडकवतो त्या खिळ्याला लावली. हमीदने ती दिवसभर बघितली नाही असं दाखवलं.

*

फिटिंगच्या वेळी व्हायचं तेच झालं. चेसिसची भोकं एकीकडे, बंपरची दुसरीकडे. हमीदने ब्रॅकेट कापून पुन्हा जोडलं, नवे बोल्ट टाकले, दुपारपर्यंत बंपर बसला.

"वजन किती घेईल?" सेठनी विचारलं.

"पाच माणसं उभी करा," हमीद म्हणाला.

सेठनी दुकानातून पाच धट्टेकट्टे हमाल बोलावले. ते चढणार तोच सेठ आडवे आले. "थांबा, थांबा. चपला काढा."

पाचजणांनी चपला काढल्या. सेठनी पायही पुसायला लावले. मग वर एक गोधडी घातली आणि म्हणाले, "आता चढा, पण हळू."

बंपर तसूभर हलला नाही. ती गोधडी मात्र पुढे कायमची तिथंच राहिली. सेठ चिखलाच्या सहलीला गेले, तेव्हाही मित्रांच्या गाड्या ओढ्यात आणि सेठची जीप डांबरावर, पाठीमागे गोधडी बांधून. मित्रांनी हाका मारल्या तर सेठ म्हणाले, "तुम्ही करा एन्जॉय, मी बघून राह्यलो."

*

मग तीर्थपुरीची गोष्ट.

सेठची तिकडे शेती आहे. पेरणीच्या आधी रानात मेंढ्या बसवायची आपल्याकडे रीत आहे. कळप दोन-चार दिवस शेतात मुक्कामाला ठेवायचा, खत आपोआप पडतं, मेंढपाळाला धान्य मिळतं. त्या भागात तेव्हा मामांचा भाऊ किसन कळप घेऊन आला होता. बोलणी करायला सेठ मामांना घेऊन निघाले, मीही जीपमध्ये बसलो. मामा वाटभर खिडकीबाहेर बघत होते. कपाटातली गन आठ दिवस तशीच होती.

बांधाशी जीप थांबली. किसनला दाखवायचं म्हणून सेठनी मोठ्या कौतुकाने गोधडी सोडली.

"दादा, तू केला हे?" किसनने विचारलं. "लई भारी."

"तू भाऊ हायेस," मामा म्हणाले. "तू दुसरं काय म्हणणार."

बोलणी सुरू झाली. किती दिवस, किती ज्वारी, पाणी कुठलं. मेंढ्या आमच्या आजूबाजूने चरत होत्या. किसनचा एक एडका होता, दांडगा नर मेंढा, पुढे वळलेली शिंगं, मान ही एवढी. चरता चरता तो जीपच्या मागे गेला आणि बंपरसमोर थबकला. बंपर बरोबर त्याच्या तोंडाच्या उंचीला. त्याने मान वर केली. डावीकडे झुकवली. उजवीकडे झुकवली. पुढच्या पायाने माती उकरली. मग तो एक-एक पाऊल मागे सरकायला लागला.

"भ्याला," सेठ हसून म्हणाले.

मामा आणि किसन दोघंही बोलायचे थांबले. मेंढपाळाच्या घरात जन्मलेल्या माणसाला एडका मागे का सरतो हे शिकवावं लागत नाही.

"सेठ," मामा म्हणाले, "गोधडी टाका. जल्दी."

सेठनी गोधडी उचलेपर्यंत एडका सुटला होता. असा आवाज झाला की अख्खा कळप पांगला. जीप हलली. एडका दोन पावलं मागे आला, डोकं झाडलं आणि पुन्हा त्याच जागी बघून फुरफुरला. समोरचाही हटला नव्हता ना. किसनने धावत जाऊन त्याची शिंगं धरली.

सेठ गुडघ्यावर बसले. बंपर वाकला नव्हता, पण मधोमध तुरीच्या दाण्याएवढा टवका उडाला होता आणि खालून लोखंड दिसत होतं. सेठचा आवाज रडवेला झाला. "मामा, बघा ना. गोल करा इथं. उद्याच भरून देता का?"

मामा आले. सेठच्या शेजारी बसले. त्यांनी टवक्यावरून तळहात फिरवला, मग मान वळवून एडक्याकडे पाहिलं, बराच वेळ. किसनच्या हातात तो अजून त्या काळ्या आरशाकडे ओढ घेत होता.

मामांनी खिशातून खडू काढला आणि त्या टवक्याशेजारी, शाळेतले गुरुजी पाटीवर करायचे तशी, बरोबरची मोठी खूण केली.

"भाऊ," ते मला म्हणाले, "हमीदला फोन लाव. कपाटाची किल्ली काढून ठेव म्हणावं."