अर्लची मांजर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं म्हणजे काय, ते लग्न झालेल्यांना सांगायला नको.

आमच्या घरी एक मांजर आहे. डेझी. बायको तिला मनी म्हणते, सोफ्यावरचे केस वेचताना आणखीही बरंच म्हणते. ही आमच्याकडे आली कशी? सांगतो... पण एकदम तिथवर यायची हिंमत होत नाही.

दोन हजार बारा साल. मी नागपूरचा मायनिंग इंजिनिअर, वेस्ट व्हर्जिनियातल्या एका कोळशाच्या खाणीत नोकरीला. काम काय? हवेतली धूळ मोजायची. हवा ओढून गाळणीवर धूळ पकडणारा छोटा पंप आत न्यायचा, कोळसा कापणाऱ्या मशीनपाशी लटकवायचा आणि शिफ्ट संपेपर्यंत तिथंच थांबायचं. मशीन अर्ल चालवायचा — पन्नाशीचा, हसरा, सारखा खोकणारा. माझं नाव जमेना म्हणून मला ‘डॉक’ म्हणे. धूळ जास्त निघाली, तर कंपनीला मशीन थांबवून आतली हवा सुधारावी लागली असती. डॉक, एकदा नीट मोज रे, एवढंच तो म्हणाला होता.

आणि मी? राजेहो, आत छत कमरेइतकं! रांगत जायचं. त्यात माझं हे पोट — आणि मी पहिल्यापासून भित्री भागूबाई. खाणीच्या तोंडाशी, जिथून ताजी हवा आत जाते ना, तिथंच पंप घेऊन बसलो. डबा उघडला, आरामात जेवलो. मी आत नाही, हे कुणाला कळलं कसं नाही? अहो, धूळच इतकी होती की कोण आहे न कोण नाही, दिसतंय कुणाला!

पंपाच्या गाळणीवर कोळसा औषधालाही नव्हता. होती ती बायकोच्या जवसाच्या चटणीची भुकटी. हवा एकदम क्लीन आहे, मी अर्लला सांगून टाकलं.

त्यानं विश्वास ठेवला. मग खोकला कशाचा? आधी सिगारेट सोडली. मग घरातलं कार्पेट उपटून टाकलं. मग त्याच्या बायकोचं परफ्यूम बंद केलं — त्यावरून घरात रामायण! शेवटी संशय आला बिचाऱ्या डेझीवर. डोळे पुसत त्यानं ती माझ्याच हातात दिली. तेव्हा तरी बोलावं की नाही माणसानं? मी विचारलं, ही खाते काय?

आणि पुढची दोन वर्षंही मी खाणीच्या तोंडाशीच जेवलो. लाज वाटायची. भूकही लागायची.

मागच्या रविवारी अर्ल डेझीला भेटायला आला. नाकात नळी, मागं चाकांवरचा ऑक्सिजनचा सिलेंडर. दारापासून सोफ्यापर्यंत येताना दोनदा थांबला. डेझी धावत मांडीवर चढली, तर त्यानं तिला हळूच खाली ठेवलं. नको गं, छातीला सोसत नाही.

मग माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, डॉक्टर म्हणतात छातीत कोळसाच आहे. जुना असणार, तू यायच्या आधीचा. तू तर मोजलं होतंस.

मी म्हणालो, हो.