रॅकच्या मागचे

कंपनीच्या हजेरीपटावर दोघांनाही चांगली रीतसर नावं होती, पण ती कोणी कधी वापरली नाहीत. बाईंना सगळे ‘पुढच्या ताई’ म्हणत आणि त्यांच्या जोडीदाराला नुसतंच ‘मागचे’. त्यांचं कामच तसं होतं. सर्व्हर म्हणजे दिसायला एक चपटी, लांबलचक लोखंडी पेटी. ती ज्या उभ्या सांगाड्यात ड्रॉवरसारखी सरकवतात तो रॅक. पेटी पुढून आत जाते आणि वायरी मागून लागतात. म्हणून एक माणूस पुढे लागतो, एक मागे. ताई पुढे उभ्या राहायच्या, कारण त्यांचा हात सरळ होता आणि पेटी रुळांवर बसवताना ती तसूभरही तिरपी होत नसे. मागचे मागे राहायचे, कारण त्यांना माणसांत करमत नसे.

रॅकच्या पुढे थंडगार गल्ली, मागे भट्टी. मधे शेकडो पंख्यांची घरघर. पलीकडच्या माणसाला हाक मारायची म्हटली तर घसा फुटेल, पण हाक पोचणार नाही. त्यावर त्या दोघांनी आपसात तोड काढली होती. बहुतेक नव्या सर्व्हरला पुढे एक आणि मागे एक असा निळा दिवा असतो, शेजारी छोटं बटण. पुढचं बटण दाबलं की दोन्हीकडचे दिवे लागतात, म्हणजे मागच्या माणसाला कळतं की हीच ती पेटी. मागून दाबलं की विझतात. उलटंही चालतं. कारखान्याने तो दिवा पेटी ओळखायला दिला होता, या दोघांनी त्याची भाषाच करून टाकली. एकदा लागला तर ‘आहात ना?’ दोनदा लागला तर ‘झालं’. तीनदा भराभर लागला तर ‘हात काढा!’ आणि ज्याने लावला त्याने शेवटचा दिवा विझवायचा नाही, तो समोरच्याने विझवायचा. विझला म्हणजे समोरच्याला कळलं.

लेक शाळेत होती तेव्हापासून तिचं लग्न होईपर्यंत ताईंनी या माणसाबरोबर काम केलं, आणि त्याचा चेहरा विचाराल तर त्यांना धड सांगता आला नसता. बोटं मात्र अंधारातही ओळखली असती. रिकाम्या खणातून वायर द्यायला ती बोटं यायची, लांब, हडकुळी, आणि डाव्या तर्जनीला टोकच नाही. ते एका पंख्याने खाल्लं होतं. वायर ताईंच्या हातात आली की बोटं मागे सरायची, अंधारात जायची. एवढाच काय तो दोघांचा संसार, असं ताईंचे यजमान चिडवायचे, आणि ताई म्हणायच्या, “तुमच्याशी बोलते त्यापेक्षा जास्त बोलते मी त्या दिव्याशी.”

मागचे उन्हाळ्याआधी गेले. झोपेतच गेले, कोणाला त्रास न देता, जसे जगले तसेच. ताई भेटायला गेल्या तेव्हा तो चेहरा त्यांनी पहिल्यांदा निवांत पाहिला आणि त्यांना तो परक्याचा वाटला. मग चादरीच्या कडेला ती आखूड तर्जनी दिसली आणि त्यांना रडू आवरेना.

ऑफिसने नवा जोडीदार द्यायचं कबूल केलं. ऑफिसं कबूल बरंच काही करतात. तोवर पुढचं आणि मागचं दोन्ही ताईच बघू लागल्या.

अशातच ते इस्पितळाचं काम आलं. इस्पितळाच्या तळघरात सर्व्हरची खोली होती, आणि त्याच इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर ताईंच्या लेकीचं बाळ काचेच्या पेटीत होतं. वेळेच्या फार आधी आलेलं, मुठीएवढ्या डोक्याचं. त्याचं सगळं ठीक होतं, फक्त ते मधूनच श्वास घ्यायला विसरायचं. खरंच विसरायचं. मग सिस्टरच्या टेबलावरचा पडदा घंटा वाजवायचा, सिस्टर धावायची, पायाच्या तळव्याला बोटाने टिचकी मारायची, आणि बाळाला आठवण व्हायची. तिथल्या साऱ्या पेट्यांची घंटा त्या एका पडद्यावर, आणि पडद्याला चालवणारं यंत्र खाली तळघरात. साहेब म्हणाले, “ताई, हे काम दुसऱ्या कोणाला देतो, तुमचा जीव वर अडकलाय.” ताई म्हणाल्या, “म्हणूनच मला द्या.”

काम तसं सोपं होतं. रॅकमध्ये एक जुना जुळा सर्व्हर होता. एकाच पेटीत शेजारी शेजारी दोन यंत्रं, दोन्ही मागून ओढून काढायची. एक यंत्र वॉर्डातल्या पोरांचं, त्या घंटेच्या पडद्याचं, ते अजून काही महिने चालणार होतं. दुसरं धुण्याच्या कपड्यांचं आणि रुग्णांच्या जेवणाचं, ते म्हातारं झालं होतं, आणि त्याच्याऐवजी नवा सर्व्हर बसवायचा होता. पेटीच्या पाठीला चिकटवलेल्या नावांच्या चिठ्ठ्या उष्णतेने वाळून केव्हाच गळून गेल्या होत्या. पण ताईंना पक्कं आठवत होतं, जुळा बसवला त्या दिवशी चहा पिताना मागचे म्हणाले होते, “डावीकडचं कपडे-जेवणाचं, उजवीकडचं पोरांचं.” मागचे एवढं लांबलचक वाक्य बोलले म्हणूनच ते लक्षात राहिलं होतं.

सकाळी ताईंनी खोकं फोडलं. नवी पेटी जुळ्याच्या बरोबर खालच्या खणात बसली, रुळांनी टक् करून जबडा मिटला. पुढच्या काचेवरचं संरक्षक प्लास्टिक तसंच ठेवलं. मग वळसा घालून त्या मागच्या गल्लीत गेल्या. तिथे जायला त्यांना अजूनही अवघडल्यासारखं व्हायचं, दुसऱ्याच्या खोलीत न विचारता शिरल्यासारखं. विजेच्या दोन वायरी लावल्या, मुख्य केबल लावली. एक पिवळी केबल उरली, कंट्रोलरूममधून यंत्रावर लांबून हुकूम चालवायची, निळा दिवासुद्धा त्या केबलवाचून लांबून लावता येत नाही. ती नेहमी अगदी शेवटी लागायची आणि मागचेच लावायचे. ताईंनी ती पिशवीसकट ॲप्रनच्या खिशात टाकली.

नव्या यंत्राने पहिला श्वास घेतला. पंखे आधी किंचाळले, मग दबले. कानाला चिकटवलेल्या फोनवर कंट्रोलरूमचा माणूस म्हणाला, “दिसतंय ताई मला, चालू झालं. पण जुनं कपड्यांचं काही जागा सोडत नाहीये. बंद हो म्हणतोय, ऐकतच नाही. तुम्ही ओढून काढा बरं सरळ, म्हणजे नवं कामाला लागेल.”

“डावीकडचंच ना?”

“मागच्यांनी मलाही तेच सांगितलं होतं. डावीकडचं. मला इथून नुसती नावं दिसतात, जागा नाही दिसत.”

या धंद्यात डावं-उजवं नेहमी पुढून मोजतात. पुढून डावं म्हणजे मागून उजवं. ताईंनी मनात हिशोब केला, उजव्या हाताच्या यंत्राची खिटी खाली पाडली आणि मूठ आवळली.

खालच्या नव्या पेटीचा निळा दिवा लागला. लागला, विझला, लागला, विझला, लागला.

ताईंनी झटकन मूठ सोडली. मग त्यांना स्वतःचाच राग आला. नवं यंत्र, पहिल्या दिवशी नखरे करतंच. त्यांनी बटण दाबून दिवा विझवला आणि पुन्हा मूठ आवळली. पुन्हा तीनदा, भराभर.

“कोण आहे पुढे?” त्या ओरडल्या. स्वतःचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही.

फोन खिशात टाकून त्या वळसा घालून पुढे आल्या. गल्ली मोकळी होती, पांढऱ्या फरशीवर दिव्यांचा उजेड, दार बंद. लपायला उंदरालाही जागा नव्हती. नव्या पेटीच्या पुढचा निळा दिवा शांतपणे जळत होता. ताईंनी तो विझवला. प्लास्टिकवरून बटण दाबताना बोट गार पडलं, आणि आपण इथे उभ्या आहोत तेव्हा मागे कोणीतरी उभं आहे, असं त्यांना अगदी सवयीने वाटून गेलं. इतक्या वर्षांची सवय. त्या वाटण्याने त्यांना आधी बरं वाटलं, आणि मग अंगावर सरसरून काटा आला.

वर बाळ होतं. नवं यंत्र कामाला लागलं नाही तर जेवणाच्या ट्रॉल्या अडतील, साहेब ओरडतील. ताई परत मागे गेल्या. हात नुसता खिटीकडे नेला, धरली नाही.

दिवा एकदा लागला. आणि तसाच राहिला. ‘आहात ना?’

“आहे हो,” ताई म्हणाल्या. डोळ्यांत पाणी कधी आलं ते त्यांना कळलं नाही. त्यांनी दिवा विझवला. कळलं, म्हणून सांगितलं.

मग तीनदा. ‘हात काढा!’

ताईंनी हात काढला. यात त्यांनी काही विचार केला असं नाही. त्या इशाऱ्यावर हात काढायची शिस्त हाडीमांसी खिळली होती, त्या शिस्तीमुळेच त्यांची दहाही बोटं शाबूत होती. हात छातीशी धरून त्या तशाच उभ्या राहिल्या, गरम वारा तोंडावर घेत. जिथे मागचे आयुष्यभर उभे राहिले, तिथेच. त्यांच्यासारख्याच, रॅककडे तोंड करून. आणि मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला.

हा माणूस पुढे आलाच कधी होता? त्याने जे पाहिलं ते इथून पाहिलं. सारं जग पुढून मोजत असेल, मागच्यांना कोणी सांगितलं होतं? आणि दिवा असताना दोघांनी डावं-उजवं तोंडाने बोलायची वेळ तरी कधी आली होती? ताईंनी आपला डावा हात उचलला. तो गेला दुसऱ्याच यंत्राकडे.

जीव मुठीत धरून त्यांनी मघाच्या यंत्राची केबल बोटांत पकडली आणि इंच इंच करत वर नेली, जुडग्यातून, कोपऱ्यातून, थेट वरच्या पट्टीपर्यंत. तिथे लिहिलं होतं, ‘तिसरा मजला, बालविभाग’. त्यांनी पाडलेली खिटी पुन्हा वर केली, इतक्या हलक्या हाताने की पाळण्यातलं पोर जागं होऊ नये. मग त्या चक्क फरशीवर बसल्या.

थोड्या वेळाने उठून त्यांनी दिवा विझवला आणि डावीकडचं यंत्र ओढून काढलं. फोनवर कंट्रोलवाला आनंदला, “आलं, आलं! कपडे आले, जेवण आलं. पोरांचं व्यवस्थित आहे. एवढा वेळ काय करत होता हो?”

ताईंनी दिव्याचं सांगितलं. बाकीचं नाही सांगितलं.

“अहो, मीच असेन तो,” तो हसत म्हणाला. “माझ्या पडद्यावर असतं की ते दिव्याचं बटण. टेबलावर इतका पसारा आहे, कोपर-बिपर पडलं असणार त्याच्यावर.”

“मेल्या,” ताई म्हणाल्या, “माझा जीव घेतला असतास.” आणि खूप हसल्या. हसताना त्यांना वाईटही वाटलं, म्हणजे कोपरच होतं तर.

हत्यारं आवरली. निघताना त्यांना राहवलं नाही. मागचं बटण त्यांनी रीतीप्रमाणे दोनदा खेळवलं, ‘झालं’, आणि दिवा तसाच ठेवला. मग स्वतःलाच वेड्यात काढून विझवायला हात पुढे केला, तोच तो विझला. कंट्रोलवाल्याचं कोपर भारीच कामाचं दिसतंय, असं मनाशी म्हणत त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या.

लेक काचेला नाक लावून उभी होती. डोळे रडून लाल, पण चेहरा हसरा. “आई, होतीस कुठे? मघाशी पुन्हा विसरला गं. बराच वेळ विसरला. जेवणाच्या ट्रॉल्या का येत नाहीत म्हणून सिस्टर बाहेर फोन करत होती, तेव्हाच. घंटा वाजली म्हणून कळलं. पळत आली, टिचकी मारली, आणि घेतला एकदाचा श्वास.”

ट्रॉल्या अडल्या होत्या तेव्हा. म्हणजे ताई खाली खिटी धरून उभ्या होत्या तेव्हा. ताईंनी काचेतून पाहिलं. बाळाचा तळवा केवढासा, आणि पडद्यावरची हिरवी रेघ वर जात होती, खाली येत होती.

“रडू नकोस,” त्या लेकीला म्हणाल्या, आणि तिचे डोळे पुसायला रुमाल काढावा म्हणून ॲप्रनच्या खिशात हात घातला. रुमालाआधी हाताला पिशवी लागली. ती सीलबंद होती. आत पिवळी केबल होती, कारखान्यातून आली तशीच, वेटोळं घातलेली.