बांधावर न आलेला माणूस

काळूरामला वाचनालयात बसता येत नाही. खुर्चीला टेकला की लगेच उठतो, गाडीची चावी खुळखुळवत कपाटांमधून येरझाऱ्या घालतो, आणि बाकीचे वाचक माझ्याकडे बघतात. मी इथला ग्रंथपाल. लोकांना गप्प बसवणं माझं काम, पण याच्यापुढे मी हात टेकले.

तो खारेपाटातला, डंपरचा धंदा करणारा. शाळा सुटल्यापासून पुस्तकाला हात लावला नव्हता. गेल्या वर्षी त्याची मुलगी मृणाली कॉलेजातून रडत घरी आली. अभ्यासाला त्यांच्याच गावच्या दत्ताराम मास्तरांची कथा लागली होती. उधाणात खाडीचा बांध फुटतो, सगळं गाव माती घेऊन धावतं आणि एकच माणूस घरात बसून राहतो. आमच्याकडे हे माफ होत नाही. बांध गेला की सगळ्यांची भातशेती खारी होते. गावात एकदा खरंच असा बांध फुटला होता. तो माणूस म्हणजे कोंडाजी, असं गाव वर्षानुवर्षं कुजबुजत आलं होतं. कोंडाजी हा काळूरामचा बाप, आता ऐंशी ओलांडलेला. बापाला तोंडावर विचारायची काळूरामची छाती नव्हती.

"भाऊ, गोष्टीचा अर्थ लावनारी पुस्तकं आसतात ना? ती काढा," तो मला म्हणाला. "माझा बापूस तो न्हाय, आसं कुनीतरी लिवलं आसंल."

मी समीक्षेची पुस्तकं काढून दिली. एकाच्या मते तो माणूस बंडखोर, दुसऱ्याच्या मते एकाकीपणाचं प्रतीक. काळूराम ओळीवर बोट ठेवून वाचायचा आणि भडकायचा. "प्रतीक काय? हाडामासाचा मानूस हाय तो." मला त्याचा वैताग यायचा. पण तो गेला की मीही ती कथा पुन्हा उघडून बसायचो. मलाही चैन पडेना.

शेवटी जुन्या मासिकांची सूची चाळताना मास्तरांच्या एका मुलाखतीची नोंद दिसली. मास्तर कधीच वारले होते, मासिकही बंद पडलं होतं. अंक होते मुंबईच्या एका ग्रंथालयात. काळूरामने धंदा बाजूला ठेवला, मला ओढलं आणि मांडव्याहून आम्ही लाँच पकडली. वाटभर तो उभाच होता.

मुलाखत सापडली. तो माणूस कोण, या प्रश्नाला मास्तरांनी सरळ उत्तर दिलं होतं: तो मीच. तेव्हा मी तरुण होतो, भ्यालो आणि घराबाहेर पडलो नाही. गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही.

काळूरामने पानाची झेरॉक्स काढली. आम्ही थेट त्याच्या घरी आलो. कोंडाजी ओटीवर बसला होता. काळूरामने तो कागद मुद्दाम मोठ्याने वाचला, शेजारच्या ओट्यांवर ऐकू जाईल असा.

"आयकलंव, आबा? तो तुमी न्हाय. मास्तर व्हता."

म्हाताऱ्याने कागद मागून घेतला. वाचता येत नव्हतं, तरी त्यावरून हात फिरवला.

"म्हंजे दत्तारामपन गेला नव्हता?" तो म्हणाला. "मना वाटायचं, मी येकलाच घरी बसलेलो."

शेजारी सगळ्यांनी ऐकलं होतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

म्हाताऱ्याचं आमच्याकडे लक्षच नव्हतं.

"जिता आसताना कललं आसतं," तो म्हणाला, "तर गेलो आसतो त्याच्याकडं. बसलो आसतो जरा."