नळ बिघडलाच नव्हता

मी तुळसाबाईंचा अपराधी आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून — करीला, सकाळी नऊ वाजता, आमच्याच ओट्यावर. त्यांचं नाव बदललंय, पोरीसाठी. वेळ बदललेली नाही. हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला तर नाहीच — आणि तुळसाबाई भेटायला आल्या होत्या त्या तिलाच.

माझी बायको माधुरी आमच्या गावची सरपंच आहे. मानोरा तालुक्यातलं लहानसं गाव. मी सरपंचाचा नवरा. हसू नकोस. हे पद कायद्यात नाही, पण गावोगाव आहे, आणि मी कॉलेजात असल्यापासून त्याच्याविरुद्ध पत्रकं काढत आलो. ‘बायकोची खुर्ची बळकावणाऱ्यांनो, खाली उतरा!’ — ही ओळ माझी. वाशिमच्या बसस्टँडवर उन्हात उभं राहून मी ती हातोहात वाटलीय.

माधुरी निवडून आली तेव्हा पहिला महिनाभर मी खरंच बाजूला राहिलो. मग पारावरचे सुरू झाले. “काय भाऊ, बाई पंचायतीत, अन् तुमी भाकरी थापून राह्यले का?” मी हसायचो, पण लागायचं. का लागावं? पत्रकात तर सगळं सोपं होतं! मग तलाठी खुर्ची पुढे करू लागला, ग्रामसेवक कागद आधी मला दाखवू लागला, एसटीत लोक सरकून जागा देऊ लागले. तिच्यामागे घर आहे, शेत आहे, तिचा भार हलका करतो — असं मी म्हणत गेलो. खोटं होतं का? अर्धं. उरलेलं अर्धं हे, की मला ते आवडत होतं.

त्या सकाळी माधुरी मागच्या दारी कपडे धूत होती. दहा पावलांवर. ओट्यावर मी आणि माझ्याशेजारी चहा पीत किसना. किसनाची काळीपिवळी आहे; गावच्या पोरी तिच्यातूनच मानोऱ्याच्या शाळेत जायच्या. निवडणुकीत आमचा भोंगा त्याच्याच गाडीवर बांधला होता. एक दिवससुद्धा कुरकुर केली नाही त्यानं.

तुळसाबाई फाटकाशीच थांबल्या. “सरपंचबाई हायेत का घरी?”

“मलेच सांगा न काकू. तिले सांगतलं काय अन् मले सांगतलं काय, एकच हाये.”

“बाईलेच सांगाचं होतं.”

किसना हसला. “काहून काकू, भाऊ काय परके हायेत का?”

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. एखाद्या माणसाकडे इतकं ठरवून न पाहणं मी कधी बघितलं नव्हतं. मग म्हणाल्या, “काही नाई. नळाचं होतं. पानी येऊन नाई राह्यलं.” आणि गेल्या.

मी वहीत लिहिलं — नळ. दुपारीच दुरुस्तीला माणूस पाठवला. काम झपाट्यानं व्हायचं ना आमच्याकडे! तासाभरात तो परत आला. “भाऊ, नळ तं चांगला हाये. काकूनं चहा पाजला अन् वापस धाडलं.”

इथे थांबतो जरा. ओट्यावरचं अजाणतेपणी झालं, असं म्हणता आलं असतं. पण आता तर मला कळलं होतं. सगळं नाही — पण बाई काहीतरी सांगायला आली आणि किसनाला बघून शब्द गिळून गेली, एवढं कळलं होतं. त्यांचं घर पाच मिनिटांवर. मी गेलो का? माधुरीला हाक मारली का? वहीत नळापुढे ‘झाले’ लिहिलं. कारण डोक्यात दुसरंच होतं — यातून भलतंच काही निघालं तर? भोंगा त्याच्या गाडीवर होता. विरोधक पत्रक काढतील. आणि पत्रक कसं काढतात, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

संध्याकाळी माधुरीनं विचारलं, “कोनी आलं होतं काय?” मी म्हणालो, “नाही.”

दसऱ्यानंतर तुळसाबाईंची पोरगी शाळेत जायची थांबली. मग आणखी दोघी. कुणाचं पोट दुखतं, कुणाच्या घरी सोयाबीन सोंगायचं आहे. शेवटी शेजारच्या गावची एक मुलगी शाळेतल्या तिच्या बाईंजवळ बोलली. किसना पोरींना पुढे बसवायचा, गिअरपाशी. एवढ्यावरून समजून घे. त्याहून जास्त लिहायचा हक्क मला नाही. पोलीस त्याला घेऊन गेले.

त्या आठवड्यात ग्रामसभा झाली. माधुरी रागानं उठून उभी राहिली. “तुमी एका बाईले निवडून देल्लं न? मंग एकबी जन माह्याकडं काहून नाई आली? मी काय खाऊन टाकलं असतं तुमाले?”

बायका खाली बघत होत्या. तुळसाबाई पुढेच बसलेल्या. त्यांनी मान वर केली — एकदाच — आणि बघितलं माझ्याकडे. एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी पदर ओढून घेतला आणि भर गावात माझ्या वाटचे बोल ऐकून घेतले. आणि मी? बायकांना बोलता यावं म्हणून माईक फिरवायचं काम माझ्याकडे होतं. तो माझ्याच हातात होता.

सभा संपेपर्यंत मी तो फक्त बायकांपुढेच धरत राहिलो.

पोरगी अजून घरीच आहे. गेल्या सोमवारपासून माधुरी एकेका घरी जाऊन बसते आहे, एकटी, बायकांशी बोलते आहे. कालपर्यंत तिसरी गल्ली झाली. तुळसाबाईंचं घर पाचवीत. ती आली की मी तिच्या चपलांचा आवाज ऐकतो — हळू आल्या की जोरात? तोंड बघायची हिंमत होत नाही. ती तिथे पोचायच्या आत हा कागद तिच्या हातात जाईल. मग छापला जाईल, मग तुझ्याकडे येईल. त्यानंतर ती काय करेल ते तिचं.

तुझ्या गावातही बाई सरपंच असेल. पंचायतीच्या भिंतीवर तिच्या नावापुढे मोबाइल नंबर रंगवलेला असेल. आमच्याकडे तो माझा आहे. तुझ्याकडचा कुणाचा, ते बघ. लाव तो नंबर, आत्ता. पुरुषानं उचलला तर काम सांगू नकोस. बाईला द्या म्हण — आणि तिचा आवाज ऐकू येईपर्यंत फोन ठेवू नकोस.