शकुनबाईंचा बेवारस ट्रक

नाव : शकुनबाई. धंदा : चहाची टपरी, बिगरपरवाना. सदर ट्रकशी नाते : काहीएक नाही. सदर ट्रक : कायम नादुरुस्त व बेवारस, मालक परागंदा, परत येण्याची शक्यता नाही.

ग्रामपंचायतीच्या दप्तरात एवढीच माहिती आहे. लाखनीच्या अलीकडे, महामार्गावरच्या आमच्या गावाला थोडी अधिक आहे.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात रायपूरकडच्या भैय्यालालचा ट्रक एक्सल तुटून टपरीसमोर बसला. तो ट्रक हीच त्याची सारी इस्टेट. "बाई, ध्यान रखना, एक्सल लेके आता हूँ," म्हणून तो गेला, तो गेलाच. बाई "हो" म्हणाल्या होत्या. आमच्याकडे लोक असं रोज म्हणतात. बाईंनी ते खरंच केलं. चाकांना दगड लावले, काचेवर पोतं टाकलं, आणि बैलबंडीसाठी टायर मागायला येणाऱ्यांना चहा पाजून परत पाठवलं.

"तो आता कायले येते वो बाई?" गिऱ्हाइकं चिडवत.

"तो नाही आला तं तो खोटा. टायर गेले तं मी खोटी. मी माह्यापुरतं पाहीन."

दुसऱ्या पावसाळ्यात ग्रामपंचायतीने ठराव केला : रस्त्याकडेची बंद वाहने नेमल्या दिवशी ओढून आवारात न्यावीत व त्यांचा लिलाव करावा. दिवस सुचवला ग्रामसेवक मधुकररावांनी, आणि तीच तारीख ठरावात लिहिली गेली. ते कोकणातले, माणूस कष्टाळू, पण कॅलेंडर इंग्रजी. नोटीस ट्रकच्या दारावर चिकटवून त्यांनी बाईंना वाचून दाखवली. बाईंनी तारीख पुन्हा एकदा वाचायला लावली आणि काहीही हरकत घेतली नाही.

त्या सकाळी मधुकरराव दोर घेऊन परसरामच्या दारात उभे राहिले. गावातली सर्वांत दांडगी बैलजोडी त्याची.

"परसराम, बैल जुंप. ट्रक ओढायचाय."

परसराम शिंगांना बेगड लावत होता. "साहेब, आज पोळा हाय. आज बैलच साहेब, आमी नौकर. आज जू नाही लागत जी."

गावभर हेच उत्तर मिळालं. एक ट्रॅक्टर होता. त्यालाही मालकाने सकाळीच हार घातला होता. मधुकरराव दोरासकट टपरीवर आले, तर ट्रकच्या नाकाडावर हळदकुंकू, समोर पुरणपोळीचं ताट.

"हे काय, बाई?"

"याचाबी पोळा, साहेब. बसा, जेवून घ्या."

ते बसले. दोर बाजूला ठेवला.

ठराव त्या तारखेपुरताच होता. नव्या ठरावाला सभा हवी, सभेला माणसं हवीत, आणि माणसं तोवर धानाच्या कापणीत उतरली होती. सभा तहकूब होत राहिली. 'मालक परत येण्याची शक्यता नाही' ही नोंद मात्र दप्तरात आजही कायम आहे.

भैय्यालाल राजनांदगावला पाय मोडून पडला होता, एक्सलचे पैसे औषधपाण्यात गेले होते. त्याच वर्षी कार्तिकात तो काठी टेकत आला, नवा एक्सल बसवला, आणि ट्रक चालवत घेऊन गेला.